चाकोरी, जाळरेषा आणि माउंटन बाइक : सोनाळ्याच्या पायथ्याशी

एसटीत रेंज जाते, इयरफोन घरी राहतो, म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलण्याच्या ओघात न बसणारे काही आकडे इथे जास्तीचे आहेत, ते बोनस समजा.

सध्या इनबॉक्समध्ये एकाच पठडीतले मेसेज येतायत. 'दादा, सोनाळ्याच्या बाजूला एमटीबी चालवायची आहे. कोणती घेऊ? टायर कोणता टाकू? आणि ट्रेल कुठून सुरू होतो?' पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतात. तिसरा प्रश्न मात्र वेगळा आहे. ट्रेल कुठून सुरू होतो हे समजायचं असेल, तर तो कोणी पाडला हे आधी विचारावं लागतं. सायकलस्वारांनी तर तो पाडलेला नाही. ना सोनाळ्यात, ना अमेरिकेत. आजचा भाग याच गोष्टीवर आहे. शेवटपर्यंत आलात तर टायरचं उत्तरही मिळेल, आणि टायरपेक्षा महत्त्वाचं असं एक उत्तरही.

वाट आधी, सायकल नंतर

ज्यांनी सोनाळा पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बुलडाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका. गावात सोनाजी महाराजांचं संस्थान. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन, म्हणजे आपला खारपाणपट्टा. उत्तरेला एकदम उभा राहिलेला सातपुडा. दोन-चार किलोमीटरच्या फरकाने काळी माती संपते, मुरूम लागतो, दगडगोटे लागतात, आणि मग सागवान, सालई. सायकलवाल्याच्या भाषेत बोलायचं तर एकाच राइडमध्ये दोन-तीन प्रकारची जमीन.

या जमिनीवर वाटांचे चार थर आहेत. सगळ्यात जुनी पाऊलवाट. डोंगरातल्या कोरकू, निहाल, भिलाला वस्त्यांमधून खालच्या बाजारापर्यंत येणारी, माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडलेली. दुसरा थर पांदण. शेतांमधून जाणारी, दोन्ही बाजूंनी बाभळी-बोरीची, मधे बैलगाडीच्या चाकांनी कोरलेले दोन चर. त्या चरांनाच चाकोरी म्हणतात. 'चाकोरीबाहेरचा विचार' असं आपण ऑफिसच्या मीटिंगमध्ये सहज म्हणून जातो, पण हा शब्द खरा कुठून आला ते पांदणीत सायकल घातली की लगेच कळतं. पुढचं चाक एकदा चाकोरीत उतरलं की बाहेर काढणं मुश्कील.

तिसरा थर लष्करी. हिवरखेडच्या पुढे अडगाव लागतं. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीची फौज आणि नागपूरकर भोसल्यांची फौज यांच्यात लढाई झाली. त्यानंतर इंग्रजांनी मोर्चा वळवला गाविलगडाकडे. त्यासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने ७ ते १२ डिसेंबर असे दिवस घालवून जड तोफा सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून साधारण ३० मैल हाताने ओढत नेल्या. रस्ता नव्हता, तो पुढे जाता जाता बनवायचा. १५ डिसेंबरला गड पडला. आज एखाद्या चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, तर हे आठवा. आपली सायकल १४ किलोची असते.

चौथा थर वनखात्याचा. इंग्रजांच्या काळात जंगल राखीव झालं तसे जंगलात रस्ते आले आणि जाळरेषा आल्या. जाळरेषा म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाचोळा काढून मोकळा ठेवलेला पट्टा. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात, त्याआधी या रेषा साफ करतात. जाळरेषा हा शब्द लक्षात ठेवा. आता आपण सात समुद्र ओलांडून जाणार आहोत, आणि तिथेही नेमकी जाळरेषाच भेटणार आहे.

भंगारातून आलेली सायकल

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन नावाचा भाग आहे. तिथे माउंट टॅमल्पायस नावाचा डोंगर. १९७० च्या दशकात तिथल्या काही पोरांना एक छंद लागला. रस्त्यावर शर्यती करणारेच होते ते, पण सुट्टीच्या दिवशी १९३०-४० च्या सालातल्या जुन्या जाडजूड सायकली भंगारातून उचलायच्या, डोंगरावर न्यायच्या आणि जाळरेषेवरून खाली सोडायच्या. या सायकली मुळात पेपर टाकणाऱ्या पोरांच्या. श्विन कंपनीच्या, २६ इंची चाकाच्या, २.१२५ इंच जाडीच्या फुगीर टायरच्या. वजन २० किलोच्या घरात. मडगार्ड, स्टँड, टाकी, सगळं काढून फेकलेलं. नाव पडलं क्लंकर, म्हणजे खडखडणारं धूड.

ब्रेक एकच, मागचा. उलटं पेडल मारलं की हबच्या आतून लागणारा. लांब उतारावर हा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या उताराचंच नाव पडलं रिपॅक. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. साधारण ३.४ किलोमीटर अंतर, ४०० मीटर उतार. ॲलन बाँड्स नावाचा पोरगा जिंकला. कारण सोपं होतं, न पडता खाली पोचलेला तो एकटाच. पुढे गॅरी फिशरने तिथे ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. वेन्डी क्रॅग ही त्या टोळीतली बाई स्वतः सायकल हाणायची आणि फोटोही काढायची. आज त्या दिवसांचे जे फोटो आपण बघतो, त्यातले कितीतरी तिचे.

आता यातला इंजिनिअरिंगचा भाग बघा. एक गोष्ट तुटायची, त्यावर उपाय निघायचा, मग दुसरी तुटायची. हबचा ब्रेक जळतो? मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर लावा, जोडसायकलीचे ड्रम ब्रेक लावा. ट्रकवर सायकल टाकून वर न्यायचा कंटाळा आला? गिअर लावा. डिसेंबर १९७४ मध्ये क्युपर्टिनोहून आलेल्या पोरांच्या जाड टायरच्या सायकलींना गिअर लावलेले मारिनवाल्यांनी पाहिले होते, ती कल्पना त्यांनी उचलली. जुन्या फ्रेम तडकायला लागल्या? १९७७ मध्ये जो ब्रीझने याच कामासाठी नवीन फ्रेम बनवली. पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेम घेऊन कंपनी काढली, नाव ठेवलं 'माउंटनबाइक्स'. त्या नावाचा ट्रेडमार्क त्यांना टिकवता आला नाही, आणि कंपनीचं नाव सगळ्या जगाचं झालं.

कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. कोणाकडे मास्टर प्लॅन नव्हता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने उचलला, सुधारला, परत दिला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर आली आणि ही सायकल दुकानात विकत मिळायला लागली. १९८२ मध्ये शिमानोने डोंगरासाठी म्हणून खास डिओर एक्सटी हा गिअरचा संच काढला. १९९० मध्ये डुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाला ऑलिम्पिकमध्ये प्रवेश. भंगारापासून ऑलिम्पिक, फक्त २० वर्षं.

आपली काळी सायकल काय कमी होती?

इथे मला थोडं भांडायचं आहे. 'माउंटन बाइक मारिनमध्ये जन्मली' हे वाक्य खरं आहे, पण खडकाळ वाटेवर सायकल तिथे पहिल्यांदा चालली असं नाही. १८९७ मध्येच अमेरिकेच्या २५ व्या इन्फंट्रीचे कृष्णवर्णीय सैनिक मोंटानातून सेंट लुईसपर्यंत साधारण ३,००० किलोमीटर सायकलवर गेले होते, चिखल, डोंगर, वाळू तुडवत. आणि आपल्या मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ ला काही पारशी तरुण जगाच्या फेरीवर निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी ती पूर्ण केली आणि १९२८ मध्ये परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यातला कितीतरी भाग असा की जिथे रस्ता नावाची गोष्टच नव्हती. सस्पेन्शन नाही, ट्यूबलेस नाही, जीपीएस तर नाहीच नाही.

मग स्वातंत्र्यानंतर सायकल आपल्या खेड्यात पोचली. टीआय सायकल्स १९४९, ॲटलस १९५१, लुधियानाची हीरो १९५६. १९८६ मध्ये हीरो जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेली. ही कुठली सायकल? काळी, २८ इंची, रॉड ब्रेकची, मागे मजबूत कॅरिअर, वीसेक किलो वजन. या सायकलने पांदणीतून दुधाच्या बरण्या नेल्या, कापसाची बोंदरी नेली, दळण नेलं, नळीवर पोरगं आणि कॅरिअरवर बायको बसवून यात्रेला नेलं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोबांनी जी वाट रोज या सायकलने कापली, तिला आज आपण ॲपमध्ये 'ग्रॅव्हल ट्रेल' असं नाव देऊन रेकॉर्ड करतो.

गंमत पुढे आहे. या काळ्या सायकलीचा पुढच्या नळीचा कोन बघा. जमिनीशी साधारण ६५ ते ६८ अंश, म्हणजे फोर्क चांगला पुढे पसरलेला. शर्यतीच्या रस्तासायकलीचा हाच कोन ७३ अंशांच्या आसपास असतो, उभा. मधल्या काळात माउंटन बाइकवालेही उभ्या कोनाकडे गेले, चढ सोपा जावा म्हणून. आणि आजच्या ट्रेल बाइकचा कोन? पुन्हा ६५ ते ६७. कारण पुढचं चाक जितकं पुढे, तितकी उतारावर सायकल स्थिर. म्हणजे लाखो रुपयांची सायकल फिरून फिरून आजोबांच्या कोनावर आली.

काळ्या सायकलीत तीन गोष्टी कमी होत्या, हेही खरं. रॉड ब्रेक पावसात नावापुरते. टायर दीड इंची आणि कडक. आणि गिअर एकच, साधारण पुढे ४४ दाते, मागे १८. सपाटीला झकास, पण सातपुड्याच्या चढाला उतरून ढकलण्यावाचून पर्याय नाही. टायर, ब्रेक, गिअर. माउंटन बाइकचा सगळा इतिहास या तीन शब्दांत आहे, आणि सेटअपचा सल्लाही.

आता सेटअप : इतिहासाने शिकवलेल्या क्रमाने

पैसे कमी असतील (आणि ते असतातच), तर याच क्रमाने खर्च करा.

पहिला टायर. मारिनवाल्यांनी फ्रेम नव्हे, आधी जाड टायर शोधला. आपल्या भागात २.१ ते २.२५ इंच पुरेसा. हवा मात्र डोक्याने भरा. दुकानदार अंगठ्याने दाबून दगडासारखी कडक हवा भरून देतो, ती रस्त्यासाठी. मुरमावर, साधारण ६५-७० किलोच्या माणसाला, ट्यूब असेल तर २८ ते ३२ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर २२ ते २६. मागच्या चाकात दोन-तीन जास्त. पायपंपाला मीटर असलेला घ्या, अंदाजाचं काम नाही.

ट्यूबलेस घ्यायचं का? १९९९ मध्ये सायकलसाठी यूएसटी हे ट्यूबलेस मानक आलं आणि त्यानंतर टायरच्या आत ओतायचे सीलंट आले. परदेशात लोक ते पकड वाढवायला वापरतात. आपल्याकडे त्याचं कारण एकच, सराटा. गोखरूचं ते तीन टोकांचं काटेरी फळ, आणि जोडीला बाभळीचा काटा. पांदणीच्या एका फेरीत ट्यूबला तीन-चार भोकं सहज. सीलंट ही भोकं जागच्या जागी बंद करतं. पण एक लक्षात घ्या. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्या उष्णतेत सीलंट आतल्या आत वाळतं. बाटलीवर सहा महिने लिहिलं असलं तरी उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी उघडून बघा, कमी असेल तर टाका. आणि बजेट नसेल तर नेहमीच्या ट्यूबमध्येही सीलंट घालता येतं.

दुसरा ब्रेक. डिस्क ब्रेक दिसला की खूश होऊ नका. स्वस्तातल्या केबलच्या डिस्कपेक्षा नीट लावलेला व्ही-ब्रेक कधीही बरा. हायड्रॉलिक परवडत असेल तर सस्पेन्शनच्या आधी तिथे पैसे घाला. लिव्हर एका बोटाने दाबता येईल असा आत सरकवून घ्या, बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी.

तिसरा गिअर. २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र आणि मागे मोठी कॅसेट ही पद्धत रुळवली. पुढे ३२ दाते, मागे सगळ्यात मोठं ४६, एवढ्यात सातपुड्याच्या पायथ्याचे चढ निघतात. कमी भाग म्हणजे बिघाडही कमी. डिरेलर ज्या छोट्या पत्र्यावर लटकतो तो हँगर आपटला की वाकतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तालुक्याला मिळत नाही. एक जादा घेऊन सीटखालच्या पाउचमध्ये टाकून ठेवा.

सस्पेन्शन चौथं. १९९० च्या सुमारास रॉकशॉक्सचा आरएस-१ फोर्क आला तेव्हा तो फक्त ४८ मिलिमीटर दबायचा, आणि त्यावरही लोकांनी जागतिक स्पर्धा मारल्या. आपल्याला १०० मिलिमीटर भरपूर. एअर फोर्क असेल तर 'सॅग' बघा. सायकलवर नेहमीच्या पोझिशनमध्ये उभं राहायचं, फोर्क किती बसला ते रबरी रिंगवरून मोजायचं. १०० पैकी २० ते २५ मिलिमीटर बसला म्हणजे बरोबर. मागचं सस्पेन्शन या भागात लागत नाही. स्वस्तातलं तर मुळीच घेऊ नका, नुसतं वजन.

सीटची उंची फुकट आहे, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, गुडघा सरळ झाला पाहिजे. उतार आला की सीट दोन बोटं खाली. हेल्मेट, हातमोजे, तीन लिटर पाणी, पंक्चरचं सामान, चेनची एक क्विक लिंक. एवढं झालं की निघा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत घरी.

आणि पाऊस पडला की काळ्या मातीत जाऊ नका. दहा मीटरमध्ये चाक आणि फोर्कच्या मधली जागा चिखलाने भरते, चाक जाम होतं, जोर लावला की हँगर तुटतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ओल्या पांदणीत पाडलेला चर उन्हात दगडासारखा वाळतो, आणि त्याच्यातून पुढे महिनाभर शेतकऱ्याला बैलगाडी काढावी लागते. आपण रविवारी मजा करून निघून जातो.

जिथे जन्मली, तिथेच बंदी

परत मारिनला जाऊ, कारण तिथली गोष्ट अजून संपलेली नाही.

१९८० च्या दशकात माउंटन बाइक लाखोंच्या संख्येने विकली जायला लागली आणि तोच डोंगर गर्दीने भरला. त्या वाटांवर आधीपासून चालणारे लोक होते, घोडेस्वार होते. वळणावरून अचानक सायकल सुसाट यायची, घोडा बिथरायचा, म्हातारा माणूस बाजूला उडी मारायचा. तक्रारी गेल्या. जाळरेषांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर ५ मैल. रेंजर स्पीडगन घेऊन उभे राहायला लागले, दंड व्हायला लागले. अरुंद पायवाटांवर सायकल बंद. १९८४ मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने संरक्षित 'विल्डरनेस' क्षेत्रांमध्ये सायकलला पूर्ण मनाई केली. माउंटन बाइक जिथे जन्मली, त्या डोंगरावरच्या बहुतेक पायवाटा पुढची कित्येक दशकं तिला बंद राहिल्या.

मग शहाणपण सुचलं. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी मिळून आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे इम्बा, सुरू केली. त्यांनी नियम केले ते अगदी साधे. परवानगी असलेल्याच वाटेवर जा. मागे खूण ठेवू नका. वेग ताब्यात ठेवा. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्या. जनावरांना घाबरवू नका. तयारीने निघा. शिवाय फावडी-कुदळी घेऊन ट्रेलची दुरुस्ती करायला लागले. जिथे स्थानिकांशी जमलं तिथल्या वाटा खुल्या झाल्या, जिथे नाही जमलं तिथे आजही वाद चालू आहेत. शिस्त आधी आली असती तर काय झालं असतं, या प्रश्नाचं उत्तर मारिनला आता मिळणार नाही. सोनाळ्याला मात्र ते अजून मिळू शकतं.

आपल्या डोंगराचं काय?

सोनाळ्याच्या उत्तरेला जे जंगल दिसतं ते अंबाबारवा अभयारण्य. १९९७ साली घोषित झालेलं, साधारण १२७ चौरस किलोमीटर, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांमध्ये आलं. अभयारण्यात विनापरवानगी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २७ मनाई करतं. यात 'मी तर फक्त सायकलवर होतो' याला काही अर्थ नाही. उलट सायकल जास्त धोक्याची. गाडीचा आवाज जनावराला लांबून कळतो, सायकलचा कळत नाही. वळणावर अस्वल पिल्लांसह समोर आलं तर दोघांनाही वेळ मिळत नाही.

आणि वाघ फक्त नकाशावरच्या हिरव्या रंगात राहत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण वाघाने, रेडिओ कॉलर लावलेल्या टी१सी१ ने, शेतांमधून, नाल्यांमधून, रस्ते ओलांडत साधारण १,३०० किलोमीटर चालून आपल्याच जिल्ह्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. म्हणजे पांदण त्याचीही असते.

आता या गोष्टीत सोनाळ्याचं नाव येतं ते रेल्वेमुळे. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी कोणी बसलं असेल तर धुळघाटजवळची ती वळणं आठवतील, जिथे रूळ स्वतःच्याच अंगावरून जायचे. ही गाडी मेळघाटातून जायची. ब्रॉडगेजसाठी २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली आणि वाद सुरू झाला. वाघाच्या अधिवासातून मोठी, वेगवान गाडी न्यायची, की जंगल टाळून वळसा घालायचा? वळशाचा जो मार्ग पुढे आला तो हिवरखेड, सोनाळा, जामोद असा आपल्या बाजूने. २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरच्या मार्गाची मागणी केली. वळसा लांब आहे, खर्चाचा आहे. तरी विचार त्याचाच पुढे गेला.

त्याआधी अभयारण्याच्या आतल्या काही आदिवासी वस्त्यांचं पुनर्वसन झालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या माणसांनी घर, शेत, देवस्थान सोडलं. त्या पुनर्वसनात काय नीट झालं आणि काय नाही, हा स्वतंत्र भागाचा विषय आहे. पण ज्या जंगलासाठी माणसांनी गाव सोडलं आणि रेल्वेला वळसा घ्यायला सांगितला गेला, त्या जंगलात आपण ४० सेकंदांच्या रीलसाठी जाळरेषेवरून घुसायचं? मला तरी हे पटत नाही.

मग चालवायची कुठे?

पायथ्याला. गावागावांमधल्या पांदणी, कालव्याकाठचे कच्चे रस्ते, टुनकीच्या बाजूचे गाडीरस्ते, वान नदीच्या अलीकडचा मुरमाड भाग. अभयारण्याची पाटी दिसली की वळायचं. आत जायचंच असेल तर वनखात्याच्या गेटवरून, त्यांच्या नियमाने, सफारीच्या गाडीत. बफरमध्ये किंवा जंगलाच्या कडेला सायकल चालवण्याबद्दल शंका असेल तर सोनाळा वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. विचारलेलं कोणाला आवडत नाही असं होत नाही.

पांदणीचं एक वेगळं दुखणं आहे. कितीतरी पांदणी दोन्ही बाजूंनी नांगरून अरुंद झाल्यात, काही तर नाहीशाच झाल्यात. गाव नकाशावर त्या तुटक रेषांनी अजून दिसतात. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागायला शेतकरी तहसीलदारांकडे जातो, आणि मग वर्षभर खेटे घालतो. वाट वापरात असली की ती टिकते. आपण दर आठवड्याला त्या वाटेने गेलो, जाताना गेट उघडलं तर परत लावलं, उभ्या तुरीतून शॉर्टकट घेतला नाही, बैलगाडी समोर आली की उतरून बाजूला झालो, काकांना रामराम केला, तर तीच वाट राखायला आपणही थोडीफार मदत करतो. सायकलवाले म्हणजे चिप्सची पाकिटं टाकणारे लोक, की पांदण कुठे बुजली ते सांगणारे लोक, यातली एक ओळख गावात पक्की होणार आहे. ती अजून ठरलेली नाही, हीच आपल्या हातातली गोष्ट.

या भागाचं गृहपाठ एकच. आपल्या गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा, 'तुमच्या काळी बाजाराला कोणत्या वाटेने जायचे? त्या वाटेला काय म्हणायचे?' त्यांनी सांगितलेली नावं लिहून काढा. ॲपवर त्याच वाटेला 'सॅटर्डे बर्नर' असलं काही नाव पडायच्या आत. कमेंटमध्ये वाटेचं नाव, गावाचं नाव आणि ती आता चालू आहे की बुजली, एवढं टाका. पंधरा-वीस वाटा जमल्या की त्यांच्यावर एक भाग करू, आणि त्यांपैकी एका पांदणीवर फावडी घेऊन जाऊ.

तोवर हवा मोजून भरा, सराट्यापासून सांभाळा. भेटू पुढच्या भागात. रामराम!